ओडेटच्या घरचं आमंत्रण

आमच्या घरात त्या सात दिवसांना अजूनही "बेटावर गेलो होतो तेव्हा" एवढंच म्हणतात. बेटाचं नाव ग्वादलूप, पण ते कुणी घेत नाही. बाबा म्हणतात, "बेटावर गेलो होतो तेव्हा मी सलग तीन तास पाण्यात होतो," आणि समोर बसलेल्या पाहुण्याला हाताने लाटा करून दाखवतात. आई तेवढ्यात चहाचे कप उचलायला उठते. मी पाहुण्याकडे बघून हसते. इतकी वर्षं मी अशीच हसत आले आहे. आता चाळिशी ओलांडली, आईला बहात्तरावं लागलं, आणि जे सांगायचं ते सांगून टाकावं असं वाटायला लागलं आहे. मला कुणी विचारलेलं नाही. विचारण्याइतकं कुणाला माहीतच नाही.

आम्ही तेव्हा अमेरिकेत, हर्नडनला राहायचो. दोन मजली, दोन्ही बाजूंना भिंती शेजाऱ्यांच्या, मागे टेबलाएवढी हिरवळ. आईने फोडणी टाकली की स्वयंपाकघराच्या दारातला स्मोक अलार्म ओरडायचा, म्हणून मोहरी तडतडायला लागली की मी पंचा घेऊन अलार्मखाली उभी राहून वारा घालायचे. नागपूरहून आलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. नागपूरला आई मुलींच्या शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवायची. तिचा आवाज वर्गाबाहेर, व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू यायचा, आणि टाकीजवळ रेंगाळणाऱ्या मुली त्या आवाजाने वर्गात पळायच्या. हर्नडनला आल्यावर तो आवाज कुठे गेला ते आम्हाला कळलंच नाही. बाबांच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करता येत नाही, असा नियम होता. सात वर्षं ती घरात होती. इंग्रजी तिला येत होतं, माझ्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या चुका ती पेन्सिलीने काढायची. पण समोरचा माणूस बोलायला लागला की तिच्या कानाशीच काहीतरी अडायचं. फोन वाजला की ती म्हणायची, "हॅलो, वन मिनिट प्लीज, माय डॉटर," आणि रिसीव्हर माझ्या हातात.

म्हणून आईच्या वतीने मी बोलायचे. डॉक्टरकडे, औषधाच्या दुकानात, शाळेत, इन्शुरन्सवाल्यांशी. हे करता करता मला लवकरच कळलं होतं की मधल्या माणसाच्या हातात बरंच काही असतं. माझ्या शिक्षिकेने एकदा आईला सांगितलं की केतकी वर्गात सतत बडबड करते आणि शेजारच्या मुलीचा अभ्यास बुडवते. मी आईला सांगितलं, "मॅडम म्हणतायत, केतकी सगळ्यांशी मिसळून असते." आईने शिक्षिकेला हात जोडले. शिक्षिका गोंधळली. घरी येताना मी आईकडून आइस्क्रीमही उकळलं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, गंमत वाटली होती.

मी पंधरा वर्षांची झाले त्या हिवाळ्यात आमची ग्रीन कार्डं आली. आता आईला नोकरी करता येणार होती. जवळच्या प्राथमिक शाळेत वर्गात मदत करायला बाई हव्या होत्या. तिथला अर्ज आईने आणला, पेन्सिलीने भरला आणि फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावून ठेवला. पेनने गिरवायचा तेवढा राहिला होता. बाबा रोज विचारायचे, "मग, बाई, टाकताय का?" आई म्हणायची, "बघू." एकदा पोळ्या लाटता लाटता ती मला म्हणाली, "कागदावर मला येतं गं केतू. तोंडाने येत नाही. त्या पोरांनी काही विचारलं आणि मी नुसती बघत राहिले तर?" अर्ज तसाच फ्रिजवर. मार्चमध्ये बाबांच्या टीमने एका फ्रेंच कंपनीचं काम वेळेआधी संपवलं आणि बक्षीस म्हणून टीममधल्या प्रत्येकाला कुटुंबासकट एक आठवड्याची सुट्टी मिळाली. फ्रेंच बेट, समुद्रकिनारी रिसॉर्ट, ऑल-इन्क्लुझिव्ह.

या शेवटच्या शब्दावर आमच्या घरी बरंच बोलणं झालं. आईने बॅगेत मेतकुटाचे दोन डबे, दशम्या, चिवडा, लिंबाचं लोणचं आणि पाणी तापवायची किटली भरली होती. बाबा कपाळाला हात लावून बॅगेसमोर उभे. "अगं, ऑल-इन्क्लुझिव्ह म्हणजे सगळं त्यात आलं. खाणं, पिणं, सगळं. कितीही वेळा."

"सगळं आलं, पण त्यात आपल्याला खाता येण्यासारखं काय आलं?" आई म्हणाली.

बाबा बाहेर चिकन खायचे, मी पण. आई मात्र अंड्याच्या वासानेही उठून जायची. डबे बॅगेतच राहिले. बॅग बंद करायला दोघांना वर बसावं लागलं. विमानतळावर बूट काढायला लावण्याची पद्धत तेव्हा नवी होती. आई मोजे घालून, चिवड्याची पिशवी छातीशी धरून रांगेत उभी होती, ते चित्र मला अजून दिसतं.

उतरलो तेव्हा हवा अंगाला लागली ती ओल्या पंच्यासारखी. हर्नडनला बर्फाचे काळे ढिगारे रस्त्याकडेला पडले होते आणि इथे दाराच्या बाहेर लाल फुलं जमिनीवर सांडलेली. एका मुलीने आमच्या मनगटांना निळ्या पट्ट्या बांधल्या, त्या सात दिवस काढायच्या नाहीत. खोलीची खिडकी उघडली की समुद्र थेट पलंगापाशी यायचा. आम्ही नागपूरचे, समुद्र आम्ही दोनदाच पाहिला होता आणि तो तपकिरी होता. या समुद्राला आत दिवा लावल्यासारखा उजेड होता. जवळ पांढरा, मग हिरवा, मग एक रेघ आणि तिच्यापलीकडे गडद निळा, इतका की बाबा म्हणाले, "हा रंग स्क्रीनवर टाकला तर लोक म्हणतील खोटा आहे." पहिल्या संध्याकाळी आई पंजाबी ड्रेसमध्येच कमरेपर्यंत पाण्यात जाऊन बसली. उभी नाही, बसली, अंगणात बसावं तशी. लाट आली की ती जराशी वर उचलली जायची आणि परत खाली टेकायची. मी आणि बाबा वाळूत बसून तिच्याकडे बघत होतो. मला वाटतं त्या तासाभरात आम्ही तिघं जितके सुखी होतो तितके नंतर एकत्र कधी नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या मांडवात आई रिकामी ताटली घेऊन टेबलांभोवती फिरत होती. मासे, शिंपले, बोकडाचं मटण, डुकराचं काहीतरी, आणि प्रत्येक पातेल्यासमोर फ्रेंचमध्ये लिहिलेली चिठ्ठी. कुणालाच इंग्रजी फारसं येत नव्हतं. बाबांना याचा मोठा धक्का बसला होता. इंग्रजी येत नाही असं रिसॉर्ट जगात असेल ही कल्पनाच त्यांनी केली नव्हती. शाळेत मी तीन वर्षं फ्रेंच घेत होते, तेही बाबांच्या आग्रहावरून, कारण "सगळे स्पॅनिश घेतात." आईच्या ताटलीत भात, काकडी आणि पाव एवढंच जमलं होतं. काउंटरमागे पन्नाशीची एक बाई होती, सावळी, रुंद खांद्यांची, डोक्याला चौकड्यांचा रुमाल घट्ट बांधलेला. तिने आईची ताटली बघितली आणि माझ्याकडे बघून भुवया उचलल्या. मी सांगितलं की माझी आई मांस खात नाही, मासे नाही, अंडी नाही. ती आत गेली आणि एका वाडग्यात भोपळ्याची आणि वांग्याची रस्सा भाजी घेऊन आली. म्हणाली, हे कोलोंबो. आमचं. मटणाशिवायचं, मी माझ्यासाठी ठेवलं होतं.

आईने वाडगा नाकाशी नेला. हळूहळू, एकेक सुटं करत म्हणाली, "धणे. जिरं. मोहरी. मेथी. हळद." मग एक घास घेतला, थांबली, आणि डोळे मिटून म्हणाली, "तांदूळ भाजून घातलाय."

मी ते फ्रेंचमध्ये सांगितलं. त्या बाईने पळी खाली ठेवली. हो, म्हणाली, भाजलेला तांदूळ. कसं कळलं? आई खोलीत गेली, आणि मेतकुटाचा डबा घेऊन जवळजवळ धावत परत आली. बाईने चिमूटभर तळहातावर घेतलं, चाटलं, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. मला दोन्हीकडचं काही सांगावं लागलं नाही.

तिचं नाव ओडेट. तिचे पणजोबा की त्यांचे वडील, जहाजातून ऊस तोडायला या बेटावर आणले गेले होते. कुठून, ते तिला माहीत नव्हतं. तिथून, एवढंच ती म्हणायची, आणि हात समुद्राकडे करायची. संध्याकाळी बाबा म्हणाले, "ते लोक मद्रासकडचे असणार. आपला काय संबंध?"

"भाजलेल्या तांदळाचा," आई म्हणाली.

मग रोज दुपारचं असं झालं. जेवणं आटोपली, सगळा किनारा पेंगायला लागला, नारळाच्या झावळ्यांचा कोरडा आवाज आणि लांबून येणारं रेडिओवरचं गाणं एवढंच उरलं की आई स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर जायची. तिथे ओडेट भाज्या चिरत बसलेली असायची. समोर उतार, मग समुद्र, आणि मध्ये एक आंब्याचं झाड, मोहोराने भरलेलं. आई मराठीत बोलायची, ओडेट फ्रेंचमध्ये, दोघींचे हात चालू. मध्ये काही अडलं की मला हाक. मी पायरीवर बसून आंब्याच्या मोहोराचा वास घेत अर्धवट झोपेत उत्तरं द्यायचे. "तिला विचार, नारळ खवायला काय वापरते." "आईला सांग, माझ्या आजीकडे खवायची विळी होती, ती गंजून गेली." पाण्यावरून वारा यायचा, चुलीवर काहीतरी शिजत असायचं, आणि कधीकधी मला कळायचंही नाही की मी कुणाचं वाक्य कुठल्या भाषेत घेऊन चालले आहे. मागे वळून बघताना त्या दुपारी मला एकच लांब दुपार वाटतात.

गुरुवारी आईने चायोटेची, म्हणजे दुधीसारख्या एका फळभाजीची, ओलं खोबरं घालून भाजी केली आणि ओडेटने ती पातेलंभर वाढवून मांडवात ठेवली. चिठ्ठी माझ्याकडून लिहून घेतली. आई खांबाआड उभी राहून पातेल्याकडे बघत होती. माँट्रियलचे लोक, पॅरिसचे लोक, उन्हाने लाल झालेले, ताटली पुढे करून दोन-दोनदा घेत होते. पातेलं संपलं तेव्हा आई बाबांना म्हणाली, "घरी गेलो की तो अर्ज पेनने लिहायचा. सोमवारी आपण पोचतो ना? मंगळवारी मी स्वतः नेऊन देते. केतूला पाठवणार नाही."

बाबांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "आली बघ आमची हेडमिस्ट्रेस."

आणि खरोखर शुक्रवारी तिचा आवाज परत आला. मी किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला होते. तिने ओट्यावरून हाक मारली, "केतकी," आणि अख्खा किनारा वळला. छत्र्यांखालची माणसं, पाण्यातली मुलं, सगळी. नागपूरच्या टाकीपर्यंत पोचणारा आवाज. मी आनंदाने उठायला हवं होतं. मला वाळूत तोंड खुपसावंसं वाटलं.

कारण माझ्याजवळ कॅमी बसली होती. माँट्रियलची, माझ्याच वयाची, पायाच्या बोटांना चांदीच्या अंगठ्या घालणारी. माझं फ्रेंच ऐकून ती हसायची आणि मग मला बरोबर करून सांगायची, आणि मला ते फार आवडायचं. तिच्या घोळक्यात मी केतकी नव्हते, केट होते. तिने आईकडे बघून विचारलं, "तुझी आई इथे काम करते का?" मी म्हटलं, "नाही, तिला नुसती आवड आहे." कॅमी म्हणाली, "अच्छा," आणि तिच्या मैत्रिणीकडे बघितलं. बस, एवढंच. कुणी मला चिडवलं नाही. पण मी उठून ओट्याकडे गेले तेव्हा पायाखालची वाळू फार तापली होती, आणि आईला फक्त मिरचीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते हवं होतं. मी तिला म्हटलं, "आई, मी पण सुट्टीवर आहे यार."

"सुट्टीवर तोंड बंद ठेवतात का?" आई हसत म्हणाली. तिला वाटलं मी गंमत करते आहे.

शनिवारी दुपारी, ओट्यावर, ओडेटने चाकू बाजूला ठेवला, हात पुसले आणि आईच्या समोर बसली. ती सावकाश बोलली, मला नीट कळावं म्हणून. म्हणाली, उद्या रविवार, माझी सुट्टी. माझा भाऊ गाडी घेऊन येईल. माझं घर इथून अर्ध्या तासावर आहे, उसात. माझी आई नव्वद वर्षांची आहे. आपली माणसं जिथून आली तिथलं कुणी तिने जन्मात पाहिलेलं नाही. मी तिला तुझ्या आईबद्दल रोज सांगते, ती रोज विचारते, ती कधी येणार. तुम्ही सगळे जेवायला या. मांस अजिबात करणार नाही. आणि, इथे ती जराशी लाजली, तुझ्या आईकडे ते लांब वस्त्र असेल तर नेसून येईल का.

आईने साडी आणली होती. एकच, जांभळी, कशासाठी ते तिलाही माहीत नव्हतं.

आई माझ्याकडे बघत होती. "काय म्हणतेय? एवढी गंभीर का झाली?"

रविवारी सकाळी बोट जाणार होती. समोरच्या छोट्या बेटापाशी, पाण्यात डोकं घालून मासे बघायला, फक्त मुलांसाठी. कॅमीने माझं नाव लिहून ठेवलं होतं. मी नसते तर त्या उसातल्या घरी आईच्या वतीने कोण बोलणार होतं? दिवसभर, तीन-चार तास, नव्वद वर्षांच्या बाईचं एकेक वाक्य इकडून तिकडे. मी हे सगळं विचार करून ठरवलं असं म्हणता येत नाही. मला बोट दिसली, आणि तोंडातून वाक्य गेलं. "म्हणतेय उद्या सुट्टी आहे तिला. तुझी ओळख झाली, बरं वाटलं. निरोप घेतेय."

आईचा चेहरा थोडा उतरला, मग तिने ओडेटचा हात हातात घेतला. "सांग तिला, मलाही फार बरं वाटलं. आणि पत्ता माग तिचा. मी मेतकूट पाठवत जाईन."

ओडेट उत्तराची वाट बघत होती. आईने हात धरला म्हणजे होकार, असं तिला वाटलं असणार, कारण ती हसत होती. तेव्हा मी तिला नकार द्यायला लागणारं कारण शोधलं, आणि मला सापडलं ते माझं नव्हतं. नागपूरला आईची एक मावशी होती. मी लहान असताना तिच्या तोंडून ऐकलेलं वाक्य कुठेतरी पडून होतं, ते मी उचललं आणि फ्रेंचमध्ये ठेवलं. म्हटलं, माझी आई येऊ शकत नाही. आमच्यात अनोळखी लोकांच्या घरी जेवत नाहीत. हॉटेलात चालतं. घरी चालत नाही. धर्माचं असतं.

ओडेटने हळूच आपला हात सोडवून घेतला. "आमच्याही घरी?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"मला माहीत आहे ते," ओडेट म्हणाली. "माझी आजी सांगायची. मला वाटलं, ते समुद्रापलीकडे राहिलं." ती उठली, भाज्यांची पाटी उचलली आणि आत गेली.

मी पंधरा वर्षांची होते आणि मी काय बोलले ते मला पूर्ण कळलं नव्हतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते खरं नाही. त्या वाक्याचा इतिहास मला माहीत नसेल, पण ओडेटचा चेहरा मी बघितला होता. तो वाचायला कुठली भाषा लागत नव्हती.

"काय झालं? पत्ता?" आईने विचारलं.

"कामावरच्या लोकांना देता येत नाही म्हणाली. नियम आहे."

"अच्छा," आई म्हणाली. ओडेटने अर्धवट सोडलेला भोपळा समोर होता. मग तिने तो चिरायला घेतला. आतून एक माणूस आला आणि हात हलवून त्याने सांगितलं की पाहुण्यांनी इथे बसायचं नाही. त्याने कुणाच्या सांगण्यावरून तसं केलं ते मला माहीत नाही. आईने चाकू खाली ठेवला आणि सॉरी म्हणाली. इंग्रजीत, आणि बारीक आवाजात.

रविवारचा दिवस मी लपवून ठेवू शकते, पण सगळं सांगायचं म्हटलं तर हेही सांगायला हवं की तो फार सुंदर होता. पाणी इतकं स्वच्छ होतं की बोटीची सावली तळाच्या वाळूवर आमच्याबरोबर चालत होती. डोकं पाण्यात घातलं की आवाज बंद. नुसता आपला श्वास, आणि पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे बोटांमधून जायचे. मी तासभर तशी तरंगत राहिले, पाठीवर ऊन, पोटाखाली गार. मला एकदाही आईची आठवण आली नाही. परतले तेव्हा ती किनाऱ्यावर पाण्यात बसली होती, पहिल्या दिवशी बसली होती तशीच, कमरेपर्यंत. मी जवळ जाऊन बसले. ती म्हणाली, "माझंच चुकलं बघ केतू. ती बिचारी नोकरीवर. पाहुण्यांशी गोड बोलायचं तिचं कामच. मला वाटलं मैत्रीण झाली. मी आपली घुसले तिच्या स्वयंपाकघरात." लाट आली, आम्ही दोघी जराशा वर उचलल्या गेलो आणि खाली टेकलो. तेव्हाही वेळ होती. घर अर्ध्या तासावर होतं, दुपार बरीच शिल्लक होती.

सोमवारी दहा वाजता विमानतळावर जाणारी बस निघाली. मी उजवीकडे खिडकीशी, आई आणि बाबा डावीकडे. फाटकापाशी बस थांबली आणि मला ओडेट दिसली. कामाच्या कपड्यांत नव्हती. तिच्याजवळ एक म्हातारी उभी होती, वाळलेली, छोटीशी, कानांत सोन्याची मोठी कर्णफुलं, अंगात इस्त्री केलेला पिवळा झगा, डोक्याला चौकड्यांचा रुमाल. पहारेकऱ्याने हात आडवा धरला होता, म्हणजे आत यायचा प्रयत्न झाला असणार. दोघींच्या हातात काही नव्हतं. डबा नाही, पिशवी नाही, फळसुद्धा नाही. त्याचा अर्थ मला लगेच कळला. खाऊ नका, पण बघू तरी द्या. म्हातारीने हात जोडलेले होते, आणि ती बसच्या खिडक्यांवरून एकेक करून नजर फिरवत होती. ती साडी शोधत होती. ओडेटला मी दिसले. तिने मला हाक मारली नाही. हनुवटी उचलून नुसतं विचारलं, कुठे आहे?

मी खाली बघितलं.

"बस का थांबली गं?" आईने पलीकडून विचारलं. तिने जीन्स आणि बाबांच्या कंपनीचा टीशर्ट घातला होता.

"बॅगा चढवतायत," मी म्हटलं.

बस निघाली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा म्हातारीचे हात जोडलेलेच होते, बसकडे तोंड करून, कुणासाठी ते न कळून.

मंगळवारी आईने फ्रिजवरचा अर्ज काढला. बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "राहू दे. तिथेही मी आपली घुसेन आणि लोक गोड बोलून बाहेर काढतील." पुढे तिने शेजारच्यांची मुलं सांभाळली, देवळाच्या हॉलमध्ये शंभर-शंभर माणसांचा स्वयंपाक केला, पण शाळेची पायरी ती परत चढली नाही. त्या शाळेवरून आम्ही रोज गाडीने जायचो. मी कॉलेजला गेले, लग्न झालं, आता दूर श्रूजबरीला असते. आईसाठी बोलायचं काम हळूहळू फोनवरच्या भाषांतराच्या यंत्रांनी घेतलं. मला त्यातून सुटका मिळाली, जशी मला हवी होती.

गेल्या महिन्यात हर्नडनला गेले होते. आई वाटाणे सोलत होती, बाबा फिरायला गेले होते. मी तिला सगळं सांगितलं. बोट, कॅमी, पत्ता, मावशीचं वाक्य, फाटक. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर उरलेलं मी बदलून सांगितलं असतं. आई सोलत राहिली. माझं झाल्यावर तिने एकच विचारलं, "मी त्यांच्या हातचं खात नाही, असं सांगितलंस?" मी हो म्हटलं. "तिथे रोज मी तिच्या हातचंच तर खात होते," ती म्हणाली, आणि वाटाण्यांचं भांडं घेऊन आत गेली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, मी परत निघेपर्यंत, ती माझ्याशी व्यवस्थित बोलली. डबा दिला. दारापर्यंत आली. मला वाटलं, झालं, एवढंच.

चार दिवसांनी तिचा फोन आला. आईचे फोन सकाळी येतात, हा दुपारचा होता. इकडचं तिकडचं काही नाही. "ती म्हातारी," आई म्हणाली, "उभी होती की बसली होती?"

"उभी होती."

"कुणी धरलं होतं तिला?"

"नाही. हात जोडलेले होते तिचे."

"किती वेळ?"

"बस वळेपर्यंत तरी. त्याआधी किती वेळ, ते माहीत नाही."

"सावली होती तिथे?"

मी डोळे मिटून फाटक आठवलं. एका बाजूला पहारेकऱ्याची खोली, दुसऱ्या बाजूला पांढरी भिंत. झाड नव्हतं. "नव्हती," मी म्हटलं.

"नव्वद वर्षांची बाई," आई म्हणाली. मग फक्त तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मी फोन ठेवला नाही.